नसलेल्या झाडाला वळसा

खैरनार उस्तादांना पाहण्यापूर्वी मी त्यांचा आवाज ऐकला.

आमच्या सैनिकी शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू होण्यासाठी मी गंगापूर रोडने सायकलवरून निघालो होतो. तेव्हा त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मळे होते. शाळेचे फाटक अजून बरेच पुढे असताना कुंपणापलीकडून "थम!" असा शब्द आला आणि मी ब्रेक दाबला. माझ्यापुढे कोबीने भरलेली एक बैलगाडी चालली होती. तिचे बैलही थांबले. गाडीवानाने वळून माझ्याकडे पाहिले.

"घाबरू नका भाऊ. आमची जोडी रोजच थांबती इथं."

"मग निघते केव्हा?"

"त्यांनी सांगितल्यावर."

क्षणभराने पलीकडून "तेज चल!" आले. बैल चालू लागले. मीही.

पुढे शाळेने मला तिच्या इतिहासाचे पुस्तक लिहावयास लावले. ते मी लिहिले. त्यात इमारतींची, प्राचार्यांची आणि पारितोषिकांची हकीकत आहे. खैरनारांविषयी त्यात एकच वाक्य आहे आणि तेही त्यांचे नाव न घेता. ते पुरेसे नाही, असे यंदाच्या संचलनानंतर वाटले, म्हणून हे लिहितो.

आवाजावरून मी धिप्पाड माणसाची कल्पना केली होती. प्रत्यक्षात खैरनार माझ्या खांद्याला लागत. पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते शाळेत कवायतीचे शिक्षक झाले. फौजेत अशा शिक्षकाला उस्ताद म्हणतात. शाळेतही प्राचार्यांपासून आचाऱ्यापर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. गाव सटाण्याकडचे. मैदानावर ते फौजी हिंदी बोलत, कार्यालयात मराठी, आणि राग किंवा आनंद आवरेनासा झाला की अहिराणी. तबेल्यातल्या घोड्यांशी ते कोणत्या भाषेत बोलत, ते घोड्यांनाच ठाऊक.

त्यांना अभिमान होता तो स्वतःच्या मिशीचा आणि मुलांच्या बुटांचा. सकाळच्या तपासणीत ते प्रत्येक मुलासमोर वाकून त्याच्या बुटात आपली मिशी पाहत. दिसली तर तिला पीळ देऊन पुढे जात. न दिसली तर सरळ उभे राहून म्हणत, "मिशी नाही, नाश्ता नाही."

ही शिक्षा पूर्णपणे अमलात आलेली मी कधी पाहिली नाही. शिक्षा झालेला मुलगा भोजनगृहाच्या पायरीवर बूट घाशीत बसे आणि उस्ताद त्याच्याजवळ उभे राहून प्रगती सांगत. "डावं टोक दिसायला लागलं. घास. आता नाक दिसतंय, नाक नको मला. घास." शेवटी दोघे शेजारी बसून उपमा खात. उस्तादांनीही तोवर नाश्ता केलेला नसे.

पाचवीत येणाऱ्या मुलांना डावा पाय कोणता आणि उजवा कोणता, हे गोंधळात कळेनासे होई. त्यावर उस्तादांचा एक उपाय होता. भाजीच्या गाडीवानाकडून ते कांद्याची पात आणि मेथीची जुडी घेत. प्रत्येक मुलाच्या डाव्या बुटाच्या नाडीत पात खोवली जाई, उजव्या बुटाच्या नाडीत मेथी. मग मैदानावर घोष सुरू होई: "पात! मेथी! पात! मेथी!" ज्या मुलाला डावा-उजवा कळत नव्हता त्यालाही पात आणि मेथी कळत होती. तास संपला की पाला तबेल्यात जाई. ह्या पद्धतीला घोड्यांचा पाठिंबा होता.

एका वर्षी मुलाला पोचवायला आलेल्या एका बाई हे पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो उस्ताद, मी पोरगा शिपाई व्हायला पाठवलाय का कोशिंबीर व्हायला?"

"ताई, आधी कोशिंबीर होऊ द्या. शिपाई त्याच्यातूनच निघतो."

त्या बाईंचा मुलगा पुढे सैन्यात मेजर झाला. रजेवर आला असता तो मला भेटला. मोठ्या संचलनात पाय चुकेल असे वाटले की आजही आपण मनात काय म्हणतो ते कोणाला सांगू नये, असे तो म्हणाला. मी विचारले नव्हते. आता सांगतो आहे, पण त्याचे नाव सांगत नाही.

शाळा इंग्रजी अमदानीतली. आपल्या मुलांनी केवळ कारकून आणि वकील होऊ नये, हाती हत्यार धरण्याची लायकीही मिळवावी, असे काही गृहस्थांच्या मनात आले. सरकारने परवानगी दिली, पण फार आनंदाने दिली असे दिसत नाही. शहराबाहेरचा एक मुरमाड माळ मिळाला. पत्र्याच्या बराकी, एक तबेला आणि एक मैदान एवढ्यावर काम सुरू झाले. मैदानावरचे दगड पहिल्या तुकड्यांनी स्वतः वेचले. ते मैदान अजून तसेच आहे आणि आमच्या वार्षिक संचलनातील एक विचित्र गोष्ट त्यावरच घडते.

रांगा मैदानाच्या एका टोकाकडून निघतात आणि सलामीच्या मंचाकडे सरळ येतात. मध्यावर मात्र त्या उजवीकडे झुकतात, कशाला तरी वळसा घालतात आणि पुन्हा सरळ होतात. तिथे काहीही नाही. नुसता मुरूम आहे. ह्या वळणासाठी हुकूम दिला जात नाही. रांगेच्या उजव्या टोकाला चालणारा मुलगा, ज्याला दर्शक म्हणतात, तो वळतो आणि इतर त्याच्यामागे वळतात.

मी नवीन असताना उस्तादांना कारण विचारले.

"तिथं चिंच होती ना सर. इंग्रजांच्या वेळची. कॅप्टन साहेब घोडा बांधायचा तिला. झाड पडलं, वळण राहिलं."

दुसऱ्या वर्षी मी हेच त्यांना मुलांना सांगताना ऐकले. तोवर कॅप्टनचा कर्नल झाला होता आणि झाडाखाली तोफ आली होती. आणखी काही वर्षांनी त्या चिंचेची फळे इतकी गोड होती की खुद्द लाटसाहेबांनी ती मागवून घेतली, इथवर गोष्ट पोचली.

"तुम्ही ती खाल्लीत?" मी विचारले. "झाड तर तुमच्या आधी पडले."

"खाल्ली नाही सर. पण चव माहीत शे."

भूमितीचा शिक्षक ह्या नात्याने मला ते वळण खटकत असे. दोन बिंदूंमधील सर्वांत कमी अंतर सरळ रेषेचे, हे मी आयुष्यभर शिकवले. ते मी उस्तादांना एकदा ऐकवले.

"तुमची रेघ कागदावर असते सर," ते म्हणाले. "माझी रेघ पोरांची आहे. तिला बघून चालावं लागतं."

त्यांचा त्या झाडावरचा विश्वास किती खरा होता, ते रंगीत तालमीच्या एका सकाळी दिसले. उस्ताद चष्मा घरी विसरले होते आणि त्यावाचून त्यांना बुटातली मिशी दिसत नसे. त्यांच्या पत्नी गिरजाकाकू चष्मा घेऊन थेट मैदानातून आल्या. परेड उभी असताना मैदान कोणी ओलांडू नये, असा शाळेचा दंडक आहे. अर्थात तो काकूंना कोण सांगणार? उस्तादांनी क्षणभर विचार केला आणि हुकूम सोडला, "परेड, सावधान!"

सगळी शाळा एका आवाजात ताठ झाली. काकू गोंधळल्या. पदर सावरून म्हणाल्या, "बसा, बसा पोरांनो."

कोणी हसले नाही. ही शिस्त मी डोळ्यांनी पाहिली आहे. परंतु काकू त्या रिकाम्या जागेच्या रोखाने चालतच राहिल्या, तेव्हा उस्तादांना राहवले नाही.

"अगं, झाड! वळसा घाल झाडाला!"

"कोठे शे झाड?"

"समोरच शे!"

"तुमना डोकामा शे," असे म्हणून काकूंनी निमूटपणे वळसा घातला. मग मात्र सगळी शाळा हसली. मंचाजवळ उभा असलेला मीही हसलो असणार, कारण पुढच्या तासाला मुले माझ्याकडे नेहमीपेक्षा धीटपणे पाहत होती.

उस्तादांच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षी शाळेला नवे प्राचार्य लाभले. ते निवृत्त कर्नल होते. उंच, मोजके बोलणारे, कामात चोख. माझे त्यांच्याशी चांगले जमले. संचलनाची पहिली तालीम पाहताना त्यांनी ते वळण पाहिले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. उस्तादांनी चिंचेची हकीकत सांगितली. त्या दिवशी ती तोफेसह सांगितली गेली.

कर्नल साहेबांनी मला बोलावले. इतिहासाच्या पुस्तकासाठी मी जुने कागद चाळले होते, हे त्यांना माहीत होते.

"झाडाला काही आधार?"

"नाही," मी म्हणालो. खरे तेच होते.

"मग रांग सरळ जाईल. पाहुणे येणार आहेत. बिनकारणाचं वळण म्हणजे चूक दिसते."

उस्तादांना हुकूम मिळाला. त्यांनी टाच जुळवली, "जी साब" म्हणाले आणि बाहेर पडले. एवढेच.

रांग सरळ होऊ लागली. दोरी धरल्यासारखी. मला ती आवडायला हवी होती. उस्ताद रोज वेळेवर येत आणि कवायत घेत, परंतु तपासणीत वाकून पाहीनासे झाले. बुटांत मिशी आहे की नाही, ह्याची चौकशी बंद झाली आणि मुले वेळेवर नाश्ता करू लागली. बैलगाड्या तोवर गेल्याच होत्या. रस्त्यावरच्या रिक्षा मात्र त्यांचा आवाज ऐकून अजून हळू होत. त्या दिवसांत त्याही हळू होईनाशा झाल्या.

एका दुपारी ते माझ्या घरी आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. चहा तसाच राहिला.

"सर, ह्या वळणाला हुकमाचा शब्द नाही. कुठं लिहिलेलं नाही. मी स्वतः कधी शिकवलं नाही. मोठी पोरं चालतात, लहान पोरं बघतात, पायात उतरतं. यंदा पाय सरळ गेले, की पुढच्यांना बघायला काही राहणार नाही. एकदा तुटलं की तुटलं. आणि मी तर संचलन झालं की घरी चाललो."

"प्राचार्यांचा हुकूम आहे, उस्ताद."

"हुकूम मी पाळणारच. सरळ चालायचा हुकूम शे. पण मध्ये झाड आलं तर पोरं सरळ कशी चालतील?"

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांची मिशी जरा हलली.

"पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण ठेवायचं सर. पाटी लागते, फोटो निघतो. पाहुण्यांच्या हातचं झाड एकदा लागलं, की ते काढायला हायकोर्टात जावं लागतं."

"तुम्ही परेडच्या मैदानाच्या मध्यावर झाड लावणार?"

"लावणार नाही. परत लावणार. होतंच ते."

वृक्षारोपणाची कल्पना कर्नल साहेबांना पसंत पडली. जागा कोणती, हे त्यांनी विचारले नाही. मैदानाची व्यवस्था उस्तादांकडे होती. मी शिक्षक होतो, मैदानाशी माझा संबंध नव्हता. म्हणून मीही काही बोललो नाही.

संचलनाच्या सकाळी कर्नल साहेब पाहुण्यांना घेऊन मैदानावर आले आणि थबकले. अगदी मध्यावर एक खड्डा होता. त्याभोवती चुन्याची पांढरी फक्की, शेजारी चिंचेचे रोप, पाण्याची झारी, आणि एक रंगवलेली पाटी: 'ऐतिहासिक चिंच. मूळ जागी पुनर्रोपण.' कर्नल साहेबांचा जबडा आवळला गेला. पाहुण्यांसमोर ते काही बोलू शकत नव्हते आणि हे उस्तादांनी आधीच गृहीत धरले होते. मैदानाच्या दूरच्या टोकाला मुले विश्राममध्ये उभी होती. तिथवर आमचे बोलणे ऐकू जात नव्हते.

पाहुणे म्हणजे एक निवृत्त ब्रिगेडियर, शाळेचे अगदी आरंभीचे विद्यार्थी. ऐंशी केव्हाच ओलांडलेली, हातात काठी, अंगात जुना ब्लेझर, डोळे मात्र तल्लख. त्यांनी रोप हातात घेतले, खड्ड्यात पाहिले, मग मान वळवून मैदानाच्या चारी बाजू न्याहाळल्या.

"इथं कशाला?"

"साहेब, जुनी चिंच इथंच होती," उस्ताद म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात साहेब."

"सगळे म्हणजे कोण?"

"मी, साहेब."

"अहो, इथं गवताची काडी नव्हती. चिंच कुठली? हे दगड आम्ही वेचलेत. झाड असतं तर त्याच्या सावलीला बसलो नसतो का आम्ही?"

कर्नल साहेबांचा जबडा सैल झाला. उस्तादांची मिशी खाली आलेली मी तेवढी एकदाच पाहिली. तोफ, गोष्टीतला कर्नल, लाटसाहेब, सगळे त्या खड्ड्यात गेले होते. त्यांनी फार हळू आवाजात विचारले, म्हणजे त्यांच्या मानाने हळू.

"मग साहेब, रांग कशाला वळायची?"

ब्रिगेडियर साहेबांनी चटकन वर पाहिले. "रांग? अजून वळते?"

उस्तादांनी मान डोलावली.

"अरे, अजून वळते?" असे म्हणून ते हसू लागले. काठीवर दोन्ही हात ठेवून इतके हसले की त्यांच्याबरोबर आलेला नातू धावत पुढे आला.

"टिटवी!" ते म्हणाले. "झाड कसलं घेऊन बसलात? टिटवी होती इथं! आमचे कवायतीचे हवालदार-मेजर म्हणजे आग. त्यांच्यापुढं आम्ही शिंकसुद्धा परवानगी घेऊन द्यायचो. वार्षिक तपासणीला देवळालीच्या छावणीतून गोरा साहेब यायचा होता. तालमीला उतरलो, मी दर्शक. इथं पाय टाकणार तोच ती बया उडाली माझ्या तोंडावर, टिव टिव करत. खाली बघतो तर अंडी. उघड्या मुरमात, खड्यांसारखी, सांगूनही दिसली नसती. मी वळलो, माझ्यामागं सगळे वळले. म्हटलं, आज हवालदार-मेजर सोलून काढणार. ते आले, वाकले, बघितलं. आणि म्हणाले, 'यहाँ संतरी खडा है. घूम के जाओ.' बस."

"आणि तपासणीला?" कर्नल साहेबांनी विचारले.

"तपासणीलाही घूम के. गोरा साहेब म्हणतो, लाईन वाकडी का? हवालदार-मेजरनी छडीनं दाखवलं. टिटवी साहेबावरही धावली. तोही घूम के गेला. पुढं पिल्लं निघाली, उडून गेली. पण घूम के जायचा हुकूम कोणी मागं घेतलाच नाही. आणि तो विचारायला हवालदार-मेजरांसमोर जाणार कोण?"

सगळे हसत होते. उस्ताद हसत नव्हते. ते खड्ड्याकडे टक लावून पाहत होते. मग त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारले,

"साहेब, ती तोंड कोणत्या बाजूला करून बसायची?"

ब्रिगेडियर साहेबांनी आठवून पाहिले. "झेंड्याकडे पाठ करून. झेंडा तेव्हा इंग्रजांचा होता."

उस्तादांची मिशी वर आली.

रोप परत देत ब्रिगेडियर साहेब म्हणाले, "हे कडेला लावू. इथं नको. ती परत आली तर बसेल कुठं?"

ते मंचाकडे निघाले. कर्नल साहेब क्षणभर मागे राहिले.

"उस्ताद."

"जी साब."

"सरळ चालण्याचा हुकूम मी मागे घेतो."

"जी साब."

आता अडचण निराळीच होती. मुले कित्येक दिवस सरळ चालण्याचा सराव करून उभी होती. त्यांना इथे काय घडले, ते ठाऊक नव्हते. बँड सुरू झाला होता. वळण्यासाठी हुकमाचा शब्दच नव्हता, तेव्हा उस्ताद ओरडून तरी काय सांगणार? खड्डाही बुजवायचा राहिला होता. दुरून परेडच्या नायकाचे "तेज चल" झाले आणि रांगा निघाल्या. सरळ, दोरी धरल्यासारख्या.

उस्ताद मंचाजवळच्या आपल्या जागी गेले नाहीत. ते चार पावले चालून त्या खड्ड्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. झेंड्याकडे पाठ करून. टाचा जुळवलेल्या, छडी काखेत, नजर समोर. आधीच बुटका माणूस, त्यात एवढ्या मोठ्या मैदानावर एकटा. ब्रिगेडियर साहेबांनी माझ्या कोपराला धरले आणि कुजबुजले, "संतरी!"

दर्शक मुलगा जवळ आला. त्याने उस्तादांना पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही, परेडमध्ये उमटायचे नसते. पण त्याचे पाय उजवीकडे झुकले. मागची रांग झुकली, तिच्या मागची झुकली, आणि सगळी शाळा त्या बुटक्या माणसाभोवतून वळसा घालून पुन्हा सरळ झाली. शेवटच्या रांगेतल्या एका मुलाचा पाय खड्ड्यात गेला आणि तो कोलमडला. उस्ताद हलले नाहीत. ओठही हलले नाहीत. मिशीच्या आतून आवाज आला आणि तो मंचापर्यंत स्पष्ट ऐकू आला.

"पात, मेथी. पात, मेथी."

मुलगा सावरला. पाय जुळला. कर्नल साहेबांनी सलामी घेता घेता हसू दाबले. ते पूर्णपणे दाबले गेले नाही.

दुपारच्या जेवणात उस्ताद पालकांच्या घोळक्यात उभे होते. हातात जिलेबी होती.

"मी पहिल्यापासून सांगत आलोय," ते म्हणत होते, "टिटवी! लोक उगाच चिंच-चिंच करतात."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

माझे पुस्तक पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले. 'संचलनात मैदानाच्या मध्यभागी वळसा घेण्याची प्रथा आहे,' एवढे त्यात आहे. उस्तादांनी ते सटाण्याहून येऊन वाचले आणि चष्मा काढला.

"सर, टिटवी कोठे शे?"

"एका माणसाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

"मग वळसा तरी कशाला लिहिला?"

"तो मी पाहिला आहे."

हे उत्तर त्यांना पटले. त्यांनी चष्मा पुन्हा लावून पुस्तकाच्या चकचकीत वेष्टनात वाकून पाहिले. मिशी दिसली असावी, कारण त्यांनी तिला पीळ दिला.

यंदाच्या संचलनाला त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला होता. गुडघे निकामी झाल्यामुळे आता चाकांची खुर्ची लागते. मिशी पांढरी, पण जागच्या जागी. रांगा वळल्या तेव्हा त्यांनी खुर्चीतच पाठ ताठ केली. मैदानाच्या कडेला लावलेली ती चिंच मोठी झाली आहे. तिच्या सावलीत गिरजाकाकू दोन माजी विद्यार्थ्यांच्या बायकांना काहीतरी सांगत होत्या आणि त्या तिघी हसत होत्या.

कार्यक्रम संपला. चहा पलीकडच्या बाजूला होता. उस्तादांचा मुलगा गाडी आणायला गेला होता, म्हणून खुर्ची मी ढकलू लागलो. मैदान मोकळे झाले होते. माझ्या सवयीप्रमाणे मी चहाच्या टेबलाकडे सरळ निघालो.

"थम!"

आवाज पूर्वीसारखा नव्हता. तरी मी थांबलो. बाजूने कपांचे ताट नेणारा माणूसही थांबला. रस्त्यावर काय थांबले, ते आताच्या रहदारीत सांगता येत नाही.

"काय झाले?" मी विचारले.

"सर, अंडी."

मी खाली पाहिले. मुरूम होता, खडे होते. मी खुर्ची उजवीकडे वळवली. मुरमात चाके जड जात होती आणि माझी पावले वेडीवाकडी पडत होती. उस्तादांनी मान न वळवता, अगदी हळू, सुरुवात केली.

"पात. मेथी. पात. मेथी."

थोडे अंतर गेल्यावर माझा पाय जुळला.